घरगुती ग्लूटेन-फ्री बेकिंग वाढवायचंय? आधी गहू कुठून आत शिरतो ते बघा

एक छोटा हिशोब करू. ग्लूटेन म्हणजे गहू, बार्लीसारख्या धान्यांतलं प्रथिन. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात ते चालतं जास्तीत जास्त २० पीपीएम, म्हणजे एका किलोत २० मिलिग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांत हाच आकडा आहे, युरोपात आणि अमेरिकेतही हाच. आता गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहा टक्के ग्लूटेन धरा. मग एक किलोचा केक या मर्यादेवर न्यायला किती पीठ लागलं? ०.२ ग्रॅम. चिमूट भरेल न भरेल इतकं. ओट्यावर सांडलेलं आणि फडक्याने "पुसून घेतलेलं" पीठ याच्यापेक्षा जास्त असतं.

हे आधीच सांगून टाकतेय कारण मला मेसेज येतात ते सगळे ऑर्डर कशा वाढवायच्या, इन्स्टाग्रामवर काय टाकायचं, लोगो कसा हवा असे. त्यावर पण बोलू. पण साडेचार वर्षं घरून हे करताना मला एक गोष्ट पक्की कळली की या धंद्यात वाढायचं प्रत्येक पाऊल, मग ती मदतनीस असो, कॅफेची ऑर्डर असो की मोठी जागा, हे गहू आत यायचं एक नवीन दार असतं आणि ते दार नीट बंद करून मगच पुढचं उघडायचं. घाई केली की एका बॅचमध्ये सगळी कमाई जाते, पैशाची पण आणि नावाची पण.

आधी ठरवा, विकताय कोणाला

ग्लूटेन-फ्री मागणारे सगळे एकसारखे नसतात. एक सिलिअ‍ॅकवाले, म्हणजे ग्लूटेन खाल्लं की ज्यांच्या आतड्याला इजा होते ते, जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या कित्येकांना आपल्याला आहे हे माहीतही नसतं. दुसरे गव्हाची अ‍ॅलर्जी असलेले, हे वेगळं प्रकरण आहे, त्यांना गव्हातल्या इतर प्रथिनांचाही त्रास होऊ शकतो, त्यामुळे ग्लूटेन काढलेला गव्हाचा स्टार्च सिलिअ‍ॅकवाल्याला कदाचित चालेल पण यांना नाही. तिसरे ज्यांना गहू सोडल्यावर बरं वाटतं किंवा नुसतं ट्राय करून बघायचंय.

तिसऱ्या गटाला विकणं सोपं असतं पण ते आज आहेत, उद्या दुसरं काहीतरी ट्राय करतील. सिलिअ‍ॅकवाला मात्र एकदा विश्वास बसला की वर्षानुवर्षं हलत नाही, आणि अख्ख्या कुटुंबाचा केक तुमच्याकडूनच नेतो, कारण घरात दोन वेगळे केक कोण कापत बसणार. पण तो दुधाने तोंड पोळलेला असतो, ताक फुंकून पिणारच. बेकिंग पावडर कुठली, ओव्हन कोणाचा, घरात गहू येतो का, सगळं विचारेल. वैतागू नका. मी तर प्रत्येक पिठाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचे फोटो फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवलेत, कोणी विचारलं की लगेच पाठवते. माझ्या जाहिरातीवर एवढे ग्राहक आले नसतील जेवढे त्या फोटोंमुळे टिकले.

आणि कोणी नातेवाईक म्हणालेच की हे सगळं नवीन फॅड आहे, तर सांगा की विलेम-कारेल डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा आणि या आजाराचा संबंध १९५० च्या प्रबंधात मांडला होता. म्हणजे फॅड म्हणावं तर बरंच म्हातारं फॅड झालं.

घरातून गहू हलवणं शक्यच नसेल तर ते लपवू नका आणि ग्लूटेन-फ्री असं लिहूही नका. "या पदार्थात गहू वापरलेला नाही, पण त्याच किचनमध्ये गव्हाचं पीठ हाताळलं जातं" असं सरळ सांगा. ग्राहक कमी होतील, झोप लागेल.

किचन

सगळ्यात चांगलं म्हणजे त्या किचनमध्ये गव्हाचं पीठ येताच कामा नये. सकाळी घरचं, दुपारी ऑर्डरचं, अशी वेळेची वाटणी पुष्कळ जण करतात आणि मला ती अजिबात पटत नाही, कारण कोरडं पीठ चाळलं की त्याची धूळ तासन् तास हवेत राहते आणि मग सावकाश बसते, तुमच्या उघड्या बाऊलमध्ये सुद्धा.

एक गैरसमज इथेच काढून टाका. ग्लूटेन हा जंतू नाही, प्रथिन आहे. ओव्हनच्या उष्णतेने ते मरत नाही, सॅनिटायझरने पण मरत नाही, ते फक्त धुऊन काढावं लागतं, साबण, पाणी आणि घासणं, आणि ती घासणी सुद्धा वेगळी. जिथे घासून निघत नाही ती वस्तू बदलायची. लाकडी चमचे, लाटणं, चरे पडलेले नॉनस्टिक साचे, टोस्टर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाळण.

चाळणीचं माझंच उदाहरण देते. सुरुवातीला सगळं नवीन घेतलं पण बारीक जाळीची चाळण घरातलीच वापरली, गरम पाण्यातून दोनदा काढून. स्वच्छ दिसत होती. मग एकदा ती काळ्या ट्रेवर धरली आणि कडेच्या पत्र्याच्या दुमडीवर चमच्याच्या दांड्याने टकटक केलं. पांढरी धूळ पडली. तीन वर्षांपूर्वीचा मैदा असेल तो, जाळी आणि पत्र्याच्या मध्ये बसलेला. त्या दिवशी चाळण फेकली आणि तोपर्यंत घेतलेल्या दोन ऑर्डरवाल्यांना फोन करून सांगितलं. एकीने परत कधीच ऑर्डर दिली नाही, तिचं बरोबरच होतं.

पंखा असलेला ओव्हन असेल तर त्यात गव्हाचं काहीही भाजायचं नाही, पंखा आतली धूळ फिरवतो. आणि भांड्यांना एक रंग ठरवून टाका, माझ्याकडे सगळं निळं आहे, निळं नसेल तर ते माझ्या कामाचं नाही. घरच्यांना पण एवढा एकच नियम लक्षात ठेवायला सोपा जातो.

सामान घेताना

तांदूळ, मका, ज्वारी, बकव्हीट (कुट्टू) यात ग्लूटेन नसतं हे खरं, पण ते ज्या चक्कीवर दळलं तिथे आधी काय दळलं हे कोण सांगणार? सुटं पीठ, बरणीतून स्कूपने काढून दिलेलं पीठ, दोन्ही नको. सीलबंद, ग्लूटेन-फ्री लिहिलेलं, शक्यतो सर्टिफाइड. ओट्सचं तेच, ओट्स स्वतः गहू नाहीत पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाच्या आणि बार्लीच्या सोबतीने फिरतात, शिवाय थोड्या सिलिअ‍ॅकवाल्यांना शुद्ध ओट्स पण सोसत नाहीत, म्हणून वापरत असाल तर ठळक लिहा.

मग लपून बसलेले. बेकिंग पावडरमध्ये भर म्हणून स्टार्च असतो, तो कधी कधी गव्हाचा असतो. मॉल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्ली, ते चॉकलेटच्या गोळ्यांत आणि कुरकुरीत फ्लेक्समध्ये सापडतं. आयसिंग शुगर, तयार स्प्रिंकल्स, मसाल्यांची मिश्रणं, सगळ्यांची मागची बाजू वाचा. आणि दर वेळी वाचा. एकदा दुकानदाराने नेहमीची बेकिंग पावडर संपली म्हणून दुसरी दिली, मी न बघता डब्यात ओतली, सहा केक तयार झाल्यावर कचरा टाकताना पाकीट हातात आलं तेव्हा "व्हीट स्टार्च" दिसलं. सहाच्या सहा केक गेले, डबाभर पावडर गेली, डबा पण गेला. तेव्हापासून नवीन पाकीट जुन्या डब्यात ओतत नाही, पाकिटातूनच वापरते आणि रिकामं पाकीट बॅच संपेपर्यंत फेकत नाही.

रेसिपी ग्रॅममध्ये आणा

कप-चमच्यावर घरचा केक होतो, धंदा नाही होत. एक कप तांदळाचं पीठ आणि एक कप टॅपिओकाचं पीठ यांच्या वजनात सहज तीस-चाळीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि आज दाबून भरलं उद्या सैल भरलं तर आणखी. काटा घ्या, एक मोठा आणि एक ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा, झँथन गमसाठी (ग्लूटेनऐवजी घोळ बांधून ठेवणारी पूड). झँथन थोडं जास्त पडलं की केक रबरासारखा लागतो, कमी पडलं की कापताना भुगा. माझ्याकडे केकला पिठाच्या अर्धा टक्क्याच्या आसपास पुरतं, म्हणजे ४०० ग्रॅम पिठाला २ ग्रॅम. असं टक्क्यात लिहिलं की रेसिपी तिप्पट करताना डोकं चालवावं लागत नाही.

मिश्रण साधारण दोन भाग धान्याचं पीठ आणि एक भाग स्टार्च इथून सुरू करा. नुसत्या तांदळाच्या पिठाचा केक खाताना कचकच लागतो, वाळू आल्यासारखा, त्याचं कारण पिठाचे कण पाणी प्यायला वेळ घेतात. घोळ करून अर्धा तास झाकून ठेवा, निम्मी कचकच जाते. (बेकिंग पावडर मात्र शेवटी घालायची, नाहीतर अर्ध्या तासात तिचाच दम संपतो.)

ब्रेड हे वेगळं दुखणं. ग्लूटेन नाही म्हणजे हवा धरून ठेवणारी जाळीच नाही, तिचं काम इसबगोलकडून करून घ्यायचं. पिठाच्या जवळपास तेवढंच पाणी लागतं, कधी जास्तच, त्यामुळे ते मळलेल्या कणकेसारखं दिसणारच नाही, घट्ट केकच्या घोळासारखं दिसतं आणि नवशिक्या माणसाला वाटतं चुकलं म्हणून तो पीठ घालत जातो आणि मग वीट भाजून निघते. घालू नका. ओल्या हाताने वरून सारखं करा, उंच भिंतीच्या अरुंद साच्यात टाका, एकदाच फुगू द्या. भाजल्यावर आतलं तापमान ९६ ते ९८ अंश सेल्सिअस आलं की काढा, वरचा रंग बघून काढू नका, रंग फसवतो. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, गरम कापला की आत चिकट राहतो आणि ग्राहक म्हणतो कच्चा आहे. इसबगोलचा ब्रँड बदलला तर कधी कधी ब्रेड चक्क जांभळट निघतो, घाबरू नका, पण ग्राहकाला जांभळा ब्रेड देऊही नका, जुन्या ब्रँडवर परत जा.

हा ब्रेड शिळा पण लवकर होतो, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर आणखीच लवकर, कारण स्टार्च त्याच थंडाव्यात भराभर कडक होतो. फ्रीझरमध्ये मात्र तो थांबतो. म्हणून मी ब्रेड गार करून, कापून, फ्रोझनच विकते, सोबत एक चिठ्ठी, "फ्रिजमध्ये नको, लागेल तेवढीच स्लाइस काढा, थेट टोस्ट करा." या एका चिठ्ठीने तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. दुसरा फायदा असा की आठवड्यात दोनच दिवस ब्रेड भाजते आणि रोज विकते.

मेनू छोटा, अगदी छोटा

पाच पदार्थ. जास्तीत जास्त सहा. मला माहितीये की कोणी डोनट मागितले की करावेसे वाटतात, मी पण एके काळी एकोणीस पदार्थांची यादी लावली होती आणि नाकी नऊ आले होते, दर पदार्थाला वेगळं पीठ, वेगळं पाकीट, वेगळं लेबल, आणि दर नवीन सामानाबरोबर तपासायची एक नवीन गोष्ट. यादीत ब्रेड ठेवाच, कारण केक प्रसंगाला लागतो, ब्रेड दर आठवड्याला. ब्रेडमध्ये पैसे कमी सुटतात पण तो ग्राहकाला दर आठवड्याला तुमच्या दारात आणतो आणि मग वाढदिवसाच्या केकसाठी तो दुसरीकडे जातच नाही.

भाव आणि ओव्हनचं गणित

नेहमीच्या बेकरीचा भाव बघून आपला ठरवू नका, तुमचं पीठच त्यांच्या पिठाच्या कितीतरी पट महाग आहे. सामान, पॅकिंग, वीज किंवा गॅस, टेस्टिंगचा खर्च, फसलेल्या बॅचेस (दहातली एक धरा, सुरुवातीला दोन), आणि तुमचे तास. तास धरायचे म्हणजे धरायचेच, भांडी घासायचे पण. सामानाला १०० लागत असतील आणि तुम्ही २०० ला विकत असाल तर बहुतेक तुम्ही फुकट राबताय, एकदा कागदावर मांडून बघा.

आता वाढ म्हणजे नक्की किती, तेही मांडा. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन ब्रेड बसायचे, भाजणं आणि गार होऊन पुढची फेरी लागणं धरून सव्वा तास. दिवसाला पाच फेऱ्या, दहा ब्रेड, सहा तास पंधरा मिनिटं. मला वाटलं दुसरा ओव्हन घ्यावा. मग साचे मोजले, तर ते इतके रुंद होते की मध्ये हातभर जागा वाया जात होती. अरुंद साचे घेतले, चार बसायला लागले, तेवढ्याच वेळात वीस ब्रेड. वाढवायचं म्हटलं की आधी असं अडलंय कुठे ते शोधा, कधी ओव्हन असतो, कधी फ्रीझर, कधी गार करायची जाळी, आणि बऱ्याचदा आपणच.

टेस्टिंग आणि नोंदी

घरी वापरायच्या टेस्ट स्ट्रिप मिळतात, त्या घ्या, पण त्यांचा अर्थ समजून घ्या. स्ट्रिप तुम्ही घेतलेल्या एवढ्याशा तुकड्याबद्दल बोलते, अख्ख्या बॅचबद्दल नाही, ग्लूटेन एका कोपऱ्यातच असेल आणि तुकडा दुसरीकडचा घेतला तर निगेटिव्हच येणार. म्हणून मी पदार्थापेक्षा पिठाच्या नवीन लॉटला आणि ओट्याला जास्त स्ट्रिप वापरते. अधूनमधून लॅबमध्ये पाठवा, एलायझा या ग्लूटेन मोजायच्या पद्धतीने, त्यातली आर५ चाचणी म्हटलं की त्यांना कळतं.

प्रत्येक बॅचला नंबर. वहीत तारीख, कुठल्या पाकिटातलं पीठ, त्याचा लॉट नंबर, कोणाला गेलं. आणि प्रत्येक बॅचची एक स्लाइस नंबर लिहून फ्रीझरमध्ये. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्या दिवशी कोणी फोन करून म्हणेल "तुमचा केक खाऊन त्रास झाला", त्या दिवशी वाद घालायचा नाही, त्या बॅचची विक्री थांबवायची, ज्यांना गेली त्यांना कळवायचं आणि ती स्लाइस तपासायला पाठवायची. नोंद नसेल तर नुसतं "आमच्याकडे असं होत नाही" म्हणत बसाल, आणि ते कोणीच ऐकत नाही.

लेबलवर सामान वजनाच्या उतरत्या क्रमाने, बॅच नंबर, तारीख, आणि बाकीचे अ‍ॅलर्जन. बदामाचं पीठ वापरतो तेव्हा तो सुकामेवा आहे हे लोक चक्क विसरतात. घरून खाद्यपदार्थ विकायचे नियम जागेगणिक बदलतात, नोंदणी आणि लेबलचं काय ते आधी विचारून घ्या. आणि "पोट बरं होतं", "वजन उतरतं" असलं काही लिहू नका, तुम्ही बेकर आहात.

आता ती दारं

कॅफे. ऑर्डर मोठी असते म्हणून हुरळून जाऊ नका. माझी पहिली कॅफे ऑर्डर मी बघायला गेले तर माझे ब्राउनी काचेच्या कपाटात खालच्या खणात, वरच्या खणात क्रोसाँ, त्याचे पापुद्रे जाळीतून खाली पडतायत, आणि दोन्हीला चिमटा एकच. माझं नाव लावून विकत होते वर. तेव्हापासून कॅफेला फक्त एकेक सीलबंद पाकीट देते, ग्राहकाने स्वतः फोडायचं, त्यांना पटत असेल तर द्या नाहीतर राहू दे. त्यांचा नफा धरून तुम्हाला उरतं का तेही बघा, पुष्कळदा थेट विकलेले चार ब्रेड कॅफेच्या दहांच्या बरोबरीचे असतात.

स्टॉल. शेजारी कोण आहे ते आधी विचारा. नेहमीच्या बेकरीच्या शेजारी बसून उघडे सॅम्पल ठेवलेत तर लोक एका हाताने तिकडचं खाऊन त्याच हाताने तुमचं उचलणार.

मदतनीस. हे सगळ्यात मोठं दार, कारण माणूस शहाणा असला तरी त्याला तो ०.२ ग्रॅमचा हिशोब अंगात मुरलेला नसतो. मी पहिल्या दिवशी काही शिकवत नाही, त्या काळ्या ट्रेवर थोडा मैदा शिंपडून पुसायला लावते आणि मग टॉर्च तिरका धरून दाखवते की काय राहिलं. कपडे इथलेच, एप्रन इथला, डबा बाहेर खायचा आणि हात कोपरापर्यंत धुऊन आत. एकीने दुसऱ्याच आठवड्यात खिशातून बिस्कीट काढून खाल्लं, ओव्हनपाशी उभं राहून. वाईट हेतू नव्हता, पण मी त्या दिवशीचं सगळं थांबवलं, आणि मग खिसे नसलेले एप्रन शिवून घेतले.

आणि जागा. दोन-तीन महिने सलग ऑर्डर नाकारायला लागल्या, अरुंद साचे वगैरे सगळं करून झालं, तर मग घराबाहेरचं किचन बघा. तासावर मिळणारं सामायिक किचन स्वस्त पडतं पण तिथे पहिला प्रश्न भाड्याचा नाही, काल इथे काय भाजलं हा विचारा. मैदा म्हणाले तर परत या. स्वतंत्र जागा घेतलीत तरी आधी तिथे काय चालायचं ते विचारा, एक्झॉस्टचा पाइप, शेल्फांच्या वरच्या कडा, दिव्यांच्या मागचा भाग, सगळं ओल्याने पुसून काढा, झाडू नका, झाडलं की धूळ उडते. मी हलले तेव्हा पहिल्या दोन बॅचेस विकल्या नाहीत. पहिली तपासायला पाठवली, दुसरीचे तुकडे ओट्याच्या चार कोपऱ्यांत रात्रभर उघडे ठेवून सकाळी स्ट्रिप लावल्या. खिडकीजवळच्या तुकड्यावर फिकट रेघ आली. खालच्या मजल्यावर पिठाचं गोदाम होतं, आणि जागा बघायला आले तेव्हा त्याचं शटर बंद होतं.